दिव्याखालचा अंधार



महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या आवारात घडणाऱ्या भयकथा आणि मानसिक थराराच्या कादंबऱ्या हा भिवंडीतल्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. इंग्रजी वाचणाऱ्या तरुण मुलामुलींत हा प्रकार ‘डार्क अकॅडेमिया’ या नावाने ओळखला जातो. करोनाच्या टाळेबंदीत, कॉलेजांना कुलपे लागलेली असताना, त्याचा वाचकवर्ग फार वाढला. त्याचा सरंजाम ठरलेला आहे. दगडी इमारत, रात्री उशिरापर्यंत जळणारा ग्रंथालयातला दिवा, ग्रीक किंवा लॅटिनसारखी जुनी भाषा, भुरळ घालणारा एखादा प्राध्यापक, त्याच्याभोवती निवडक चार-पाच मुले आणि मग एक मृत्यू, ज्याची वाच्यता कुणी कुठे करायची नाही. पोरांचे खूळ म्हणून मराठी समीक्षेने याकडे पाठ फिरवू नये असे मला वाटते. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण या साहित्याला नेमकी लागू पडते. विद्येचा दिवा लखलखत असतो तेव्हा त्याच्या बुडाशी कोण उभे आहे, हे ज्या कथेला दिसते ती कथा मोठी. जिला नुसती ज्योत दिसते ती देखणी असेल, पण अपुरी. मराठी साहित्याला ही बुडाशी पाहणारी नजर १८५५ पासून आहे. रहस्यकथेची बांधणी मात्र आपण विद्येच्या आवारात क्वचितच नेली. ही नजर आणि ही बांधणी एकत्र आली पाहिजे, एवढेच मला आज सिद्ध करायचे आहे.

आधी या प्रकाराचे मूळ रूप पाहू. डॉना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ १९९२ मध्ये आली आणि पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांनी तिच्यावरूनच वळण गिरवले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले एक छोटे कॉलेज, ग्रीक शिकणारी सहा मुले आणि त्यांचा प्राध्यापक. निवेदक रिचर्ड हा कॅलिफोर्नियातल्या पेट्रोल पंप चालवणाऱ्या माणसाचा मुलगा. श्रीमंत सोबत्यांत बसता यावे म्हणून तो आपल्या घराविषयी खोटे सांगतो. आपल्यातल्याच एकाला या मुलांनी मारले, हे लेखिका अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते; म्हणजे खून कुणी केला हे तिथे रहस्य नाहीच. पण तो खून का झाला? कारण त्याआधी प्राचीन ग्रीक विधी पुन्हा जगून पाहण्याच्या उन्मादात या मुलांच्या हातून परिसरातला एक शेतकरी मेला होता आणि ते मारल्या गेलेल्या मित्राला कळले होते. मित्राच्या मृत्यूने ही मुले आतून पोखरली जातात. शेतकऱ्याचा मृत्यू मात्र कादंबरीत एक अडचण म्हणून येतो आणि बाजूला पडतो. त्याच्या घरी कोण होते, त्याच्या शेताचे काय झाले, याची फिकीर त्या वर्गाला नाही. ही उणीव लेखिकेची की तिच्या पात्रांची, यावर वाद घालता येईल. मला ती पात्रांची वाटते आणि लेखिकेने ती जाणून दाखवली आहे असेही वाटते. पण तिच्यानंतर आलेल्या अनेकांनी कोट आणि मेणबत्त्या उचलल्या, शेतकरी सोडून दिला. टार्ट यांच्याही कितीतरी आधी, १९३५ मध्ये, डोरोथी सेयर्स यांनी ‘गॉडी नाइट’मध्ये ऑक्सफर्डच्या स्त्रियांच्या कॉलेजला निनावी पत्रांनी आणि मोडतोडीने हैराण करणारी व्यक्ती शोधली, तेव्हा ती निघाली कॉलेजातली एक नोकर स्त्री. तिच्या नवऱ्याने संशोधनात एक पुरावा दडवला होता. एका विदुषीने ते उघड केले आणि त्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. सेयर्स यांचा कौल विद्येच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने आहे. पण सत्य सांगण्याची किंमत ज्या घराने मोजली, त्या घराला त्यांनी आवाज दिला, बोलू दिले. दिव्याखाली पाहणे म्हणजे हे.

आता आपल्याकडे वळू. असे प्रकार आपल्याकडे घडत नाहीत, म्हणून त्यांच्या कथाही नाहीत, असे कुणी म्हणेल तर त्याला पुण्याच्या १९७६-७७ च्या काळाची आठवण करून द्यावी लागेल. एका कला महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांच्या टोळक्याने सव्वा वर्षात दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला एक मुलगा होता. संध्याकाळ झाली की पुण्याचे रस्ते ओस पडत, लोक ओळख पटल्याशिवाय दार उघडत नसत. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. इतिहासात हे जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून नोंदले गेले. यातले अभ्यंकरांचे घर जरा जवळून पाहण्यासारखे आहे. भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ या बंगल्यात १ डिसेंबर १९७६ च्या रात्री जी पाच माणसे मारली गेली, त्यांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. संस्कृतचे अभ्यासक तो अजून उघडतात. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले आणि त्याचा प्रस्तावना खंड काशिनाथशास्त्रींनी लिहिला. परदेशी कादंबरीत प्राचीन भाषा शिकणारी मुले खून करतात. आपल्याकडे खून झाला तो प्राचीन भाषेला आयुष्य वाहिलेल्या म्हाताऱ्या पंडिताचा, आणि करणाऱ्यांच्या खांद्यालाही कॉलेजचीच पिशवी होती. त्याच रात्री त्या घरात काम करणारी एक बाईही मारली गेली. हत्याकांडाला जे नाव पडले त्यात ती नाही. पहिला बळी ठरलेला तो विद्यार्थीही त्या नावात नाही. नावे देताना समाज कुणाला धरतो आणि कुणाला वगळतो, याचा एवढा उघड दाखला दुसरा शोधावा लागणार नाही.

या घटनेवर लेखन झाले, चित्रपटही निघाला. पण त्यांचे लक्ष मुख्यतः क्रौर्यावर, तपासावर आणि माफीच्या साक्षीदारावर राहिले. वर्गात बसणारी, चित्रे काढणारी मुले आणि त्याच शहरातला महाभाष्याचा पंडित यांच्यामधली दरी कशी पडली, हा प्रश्न कादंबरीचा होता. तो घेऊन उभी राहिलेली मोठी कादंबरी मराठीत झाली नाही. कारण शोधताना सुहास शिरवळकरांचे उदाहरण बोलके ठरते. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक उभे करून त्यांनी रहस्यकथांचा केवढा तरी पसारा मांडला. त्याच लेखकाने पुण्याच्या कॉलेजजीवनावर ‘दुनियादारी’ लिहिली. २०१३ च्या चित्रपटाने ती नव्या पिढीच्या घराघरात गेली. तिच्यात मैत्री आहे, कट्टा आहे, प्रेम आणि मरणही आहे. रहस्य मात्र नाही. ज्याच्या हाताला रहस्याची इतकी सवय होती, तो लेखक कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना रहस्य बाहेर ठेवून गेला. याचा अर्थ मी असा लावतो की मराठी मनाला कॉलेज हे गुपिताचे ठिकाण वाटतच नाही. ते सुटकेचे ठिकाण वाटते. शेतातून, मागावरून, चाळीतून बाहेर काढणारी ती शिडी. आणि शिडीकडे पाहणारा माणूस आत काय दडले आहे हे विचारत नाही. आपला पाय पायरीवर टिकेल का, हे विचारतो.

म्हणूनच आपली भीती वेगळी आहे आणि ती आपल्या साहित्यात आलेली आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये निघाली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो. तो गरीब नाही, घरून पैसे येतात, त्याला मित्र आहेत, वसतिगृहात आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत तो पुढे पुढे करतो. तरीही ते आवार त्याला कणाकणाने पोकळ करत जाते. इकडे गावी त्याची धाकटी बहीण मरते आणि त्या मरणाला पुण्यातल्या कोणत्याही विषयात उत्तर सापडत नाही. शेवटी तो पदवीशिवाय गावी परततो. ‘कोसला’त खून नाही, पोलीस नाहीत. पण शिक्षणाच्या वास्तूत राहून माणूस स्वतःलाच परका होत जातो, हा या सगळ्या साहित्यप्रकाराच्या गाभ्यातला अनुभव तिथे आहे, आणि तो टार्ट यांच्या कादंबरीच्या जवळजवळ तीस वर्षे आधी आहे. पुढे ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांत नेमाडे यांनी हीच नजर विद्यार्थ्यावरून प्राध्यापकावर वळवली. नेमणुका, गटबाजी, गावोगावची कॉलेजे, संस्थाचालकांची मर्जी. तिथला चांगदेव पाटील एका कॉलेजातून दुसऱ्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तोच कारभार वेगळ्या पाटीखाली भेटतो.

सगळ्यांत धारदार उदाहरण महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या एकांकिकेचे. ती १९६९ ची. केतन मेहता यांनी तिच्यावर १९८४ मध्ये चित्रपट केला. होळीच्या दिवशी सुट्टी मिळत नाही, एवढ्या साध्या कारणावरून वसतिगृहातली मुले बिथरतात. सणाला लाकूड लागते. ते कॉलेजचेच सामान मोडून मिळवले जाते. मग चौकशी. वरचा दाब एका कच्च्या मुलावर येतो आणि तो नावे सांगतो. मुले त्याला गाठतात, त्याची विटंबना करतात आणि तो मुलगा जीव देतो. यात सूत्रधार कोण? प्राचार्य म्हणतील, आम्ही फक्त विचारले. मुले म्हणतील, आम्ही फक्त मजा केली. प्रत्येकाचा हात थोडासाच लागला आहे आणि थोडा थोडा मिळून एक जीव गेला आहे. गुन्हेगार एकच असतो, ही रहस्यकथेची सवय एलकुंचवार मोडतात. शेवटी प्रेक्षकाच्या मनात संशय उरतो तो स्वतःविषयी: त्या घोळक्यात मी असतो तर माझा हात थांबला असता का?

या नजरेचा उगम शोधत मागे गेलो तर जोतीराव फुले भेटतात. पुण्याला १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठी राखलेल्या निधीतून आणि प्रारंभी तिचे दार फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना उघडे होते. फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून त्याच निधीतून ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. त्यातला जोशी गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. त्याच्याकडे शस्त्र नाही, पंचांग आहे. ज्याला वाचता येते तो, ज्याला वाचता येत नाही त्याच्या मनात भय निर्माण करतो. विद्येतून निघणाऱ्या भयाची याहून नेमकी मांडणी मला माहीत नाही. पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात फुले यांनी त्याच प्रश्नाचा हिशेब मांडला: सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. दिव्यात तेल कुणाचे आणि उजेड कुणाला, हा तो प्रश्न. इंग्रजी कादंबरीत तो आता आता मध्यभागी आला आहे. आर. एफ. क्वांग यांच्या २०२२ च्या ‘बेबेल’मध्ये दूरदेशांतून आणलेली मुले ऑक्सफर्डमध्ये भाषांतर करतात आणि आपल्या भाषांच्या बळावर साम्राज्य चालते आहे, हे त्यांना उमगते. त्या कादंबरीचे जगभर स्वागत झाले. आपल्याला तो विचार नवा वाटू नये.

या मांडणीवर तीन आक्षेप येऊ शकतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की वाचक थरारासाठी वाचतो. त्याच्यावर समाजशास्त्राचे ओझे कशाला? थराराचा मान मीही राखतो. पण भीती म्हणजे काहीतरी गमावण्याची भीती. ज्याच्याकडे जे गमावण्यासारखे असते त्याचीच त्याला धास्ती असते. शेकोटीशेजारी बसून लॅटिन वाचणाऱ्या मुलाचे रहस्य भिवंडीच्या वाचकाला दुरून रम्य वाटेल, पण त्याच्या छातीत धडकी भरवणारी वस्तू वेगळी आहे. ती म्हणजे फी न भरलेल्यांची सूचनाफलकावर लागलेली यादी, तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून क्षणभर थांबलेले पेन, वसतिगृहाच्या खोलीत आपण आल्यावर बदललेला विषय. जो लेखक या गोष्टींतून रहस्य उभे करील त्याला वाचकाला घाबरवण्यासाठी धुके आणि मनोरे उसने आणावे लागणार नाहीत. आणि मनोराच हवा असेल तर तोही आपल्याकडे आहे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून २५ एप्रिल १८९१ रोजी दोन पारशी तरुणी पडून मेल्या. त्या प्रकरणावरून स्फुरलेली नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मनोरा मुंबईत आणि कादंबरी तिकडे, यावर मराठी लेखकांनी विचार करावा.

दुसरा आक्षेप समीक्षकांचा: ‘कोसला’ आणि ‘होळी’ यांना थरारकथा म्हणणे ही ओढाताण आहे. ‘कोसला’पुरते मी हे मान्य करतो, ती या प्रकाराची पूर्वज आहे, प्रतिनिधी नाही. ‘होळी’पुरते मात्र मान्य करणार नाही. मानसिक थराराची व्याख्या काय? पुढे काय घडणार यापेक्षा घडते ते मनाला कुठवर नेणार, या प्रश्नावर तोलून धरलेली कथा. स्वतः टार्ट खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगतात आणि तरी वाचक सुटत नाही. त्याच मापाने मोजले तर ‘होळी’ चोख उतरते. दोन्हींत फरक सरंजामाचा आहे, आणि सरंजामावरून प्रकार ठरवायचा तर मग कंदील आणि धुके असलेली प्रत्येक कथा भयकथा म्हणावी लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या घरांतून पहिल्यांदाच मूल कॉलेजात जाते आहे, विशेषतः मुलगी जाते आहे, त्या घरांना कॉलेजच्या अंधाराच्या गोष्टी सांगितल्या तर ते तिला घरीच ठेवतील. ही काळजी नवी नाही. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आले, तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातली घुसमट उघड्यावर आल्याने महाराष्ट्रात खळबळ माजली होती. म्हणून मुलींचे शिक्षण थांबले नाही. शिकलेल्या मुलींना आपल्या घुसमटीसाठी शब्द मिळाले. उलट न बोलण्याचा हिशेब पाहा. ‘होळी’ नंतर तीस वर्षांनी, १९९९ मध्ये, महाराष्ट्राने रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. त्या कायद्यालाही आता पाव शतक झाले. तरी हैदराबादच्या विद्यापीठात शिकणारा रोहित वेमुला २०१६ मध्ये आणि मुंबईत शिकणारी डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये जिवाला मुकले. दोघांच्या आयांनी मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयात असलेल्या गोष्टींचा निवाडा करणे हे व्याख्यात्याचे काम नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायदा तक्रारीवर चालतो आणि तक्रारीला शब्द लागतात. जो अपमान थट्टेच्या वेषात येतो, ज्याला साक्षीदार सगळेच आणि साक्ष देणारा कुणी नाही, तो अर्जाच्या रकान्यात मावत नाही. कथेत मावतो. मुलीला कॉलेजात पाठवणाऱ्या घराला खोटा दिलासा देण्यापेक्षा, तिथे काय घडू शकते आणि घडले तर त्याला काय म्हणायचे, हे सांगणारी गोष्ट देणे अधिक हिताचे.

हे भिवंडीत बोलायला विशेष कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ मध्ये झाला आणि त्यानंतर कापडाचे केवढे तरी काम इथल्या यंत्रमागांवर आले. या गावात मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी बोलणारी घरे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि त्यांतल्या कित्येकांत कांडी भरणाऱ्या हातांच्या पुढची पिढी आज पदवीचा फॉर्म भरते आहे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. ते विद्यापीठ रस्त्यावरचे होते, कारण खऱ्या विद्यापीठाचा उंबरा त्यांच्या पिढीला उंच होता. आज इथे बी. एन. एन. महाविद्यालय आहे, मोमीन महिला महाविद्यालय आहे. उंबरा ओलांडला गेला आहे. म्हणूनच उंबऱ्याच्या आतल्या अंधाराची कथा लिहिण्याचा अधिकार आणि अनुभव आता इथल्या मुलामुलींकडे आहे. रातपाळीच्या मागांच्या आवाजात अभ्यास करणारी मुलगी जेव्हा ग्रंथालयातले रहस्य लिहील, तेव्हा ते रहस्य कुणी सोडवायचे, हे तिला परक्या कादंबरीतून शिकावे लागणार नाही. झाडू मारणारी बाई त्या कथेत पुरावा सापडण्यापुरती येणार नाही. तिला नाव असेल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. इथल्या महाविद्यालयांनी आपल्या वार्षिक अंकांत आणि वाचनालयांनी आपल्या स्पर्धांत रहस्यकथेला कवितेइतकीच जागा द्यावी. मराठीत, उर्दूत, तेलुगूत, ज्या भाषेत मूल भिते त्या भाषेत. आणि अशी कथा आली की ती संस्थेची बदनामी म्हणून बाजूला ठेवण्याआधी दोनदा वाचावी. कमिटीने १८५५ मध्ये नाकारलेले ‘तृतीय रत्न’ छापून यायला १९७९ साल उजाडले. पुढच्या हस्तलिखिताला सव्वाशे वर्षे थांबायला लावू नका.